यमुनेतले जुने इंजिन

आपल्या बोटशेडमधले टू-स्ट्रोक इंजिन कॅडेटांपेक्षा वयाने मोठे आहे. दोरी ओढून सुरू होणारे, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचे, पन्नासास एक. म्हणजे लिटरमागे वीस मिलिलिटर. मालवणला सुट्टीत तुम्ही ज्या जुन्या वॉटर स्कूटरवर बसता, तिच्या पोटातही बहुधा याच जातीचे इंजिन असते. ते बंद पडले की कॅडेट आधी पाना शोधतात. खडकीला सॅपरचे शिक्षण घेताना आमचे उस्ताद तो पाना हातातून काढून घ्यायचे आणि विचारायचे, ‘बोट बांधली का?’

त्या प्रश्नाचा अर्थ मला निवृत्तीनंतर दिल्लीत नीट कळला. 13 जुलै 2023 ला यमुना जुन्या लोखंडी पुलापाशी 208.66 मीटरवर गेली. धोक्याची खूण 205.33 वर आणि आधीचा उच्चांक 1978 चा, 207.49. आयटीओ बंधाऱ्याच्या 32 दरवाजांपैकी 5 अडकले होते आणि ते उघडायला सैन्याच्या इंजिनिअरांना बोलावले होते. मी नोएडात राहतो. त्या आठवड्यात एका स्वयंसेवी गटाच्या बोटीवर मयूर विहारच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या शेतवस्तीत, माणसे काढत होतो.

एका फेरीत बोटीत तीन बायका, एक मुलगा आणि दोन शेळ्या. इंजिन दोनदा खोकले आणि गप्प झाले. प्रवाह आम्हाला डीएनडी पुलाच्या खांबांकडे नेऊ लागला. एका बुडालेल्या झाडाचा शेंडा वर दिसत होता, त्याला दोर टाकून बोट अडकवली. बांधलेल्या बोटीत विचार करायला वेळ मिळतो. वाहत्या बोटीत माणूस नुसती दोरी ओढत राहतो.

माझ्याबरोबरच्या तरुणाने प्लगपाना काढला होता. त्याला म्हटले, जरा थांब. आधी इंजिन बंद करण्याची लाल दोरी जागेवर आहे का? होती. टाकीत पेट्रोल? अर्धी टाकी. मग पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा पाहिला. तो चपटा झाला होता आणि सोडला तरी फुगत नव्हता. इंजिन ओढत होते, पण टाकीतून पेट्रोल येत नव्हते, कारण आत हवाच जात नव्हती. टाकीच्या झाकणातले हवेचे भोक गाळाने लिंपले होते. रसाच्या डब्यात स्ट्रॉ घट्ट बसली की डबा आत चेपतो, तसाच प्रकार. झाकण सैल केले, सुस्स आवाज झाला, फुगा भरला. एक बाई म्हणाल्या, ‘भैया, हो जाएगा?’ तिसऱ्या ओढीला झाले.

प्लग काढला असता तर? प्लग खूप सांगतो, हे खरे. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर इंधन पोचते आहे, ठिणगी तपासा. कोरडा असेल तर इंधनाच्या वाटेने मागे जा. दोन्ही ठीक असतील तर सिलिंडरचा दाब पाहा. पण हलत्या बोटीत, ओल्या हाताने काढलेला प्लग पाण्यात पडला की साधा बिघाड मोठा होतो.

काठाला येताना वेगळेच दुखणे. इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडते, थंड ठेवणारे पाणी फिरते आहे याची ती खूण. ती अचानक सुतासारखी झाली. इंजिन बंद करून वर उचलले, तर पाणी आत घेणाऱ्या जाळीवर पॉलिथिनची पिशवी. यमुनेत हे नवल नाही. ओखल्याकडे जलपर्णी, इतरत्र पिशव्या. या नदीत बोट चालवणाऱ्याने एक डोळा त्या धारेवर ठेवावाच.

पूर ओसरल्यावरचे काम कंटाळवाणे असते आणि तिथेच बहुतेक इंजिने मरतात. गढूळ पाण्यात चाललेले इंजिन स्वच्छ पाण्यावर चालवून धुवायचे, नाहीतर गाळ पंपाचे रबरी पाते खातो. टाकीत पेट्रोल ठेवून द्यायचे नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी धरते. पाणी फार झाले की ते दोन्ही तळाशी बसतात, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, आणि इंजिन ओढते तळाचे. शंका असेल तर काचेच्या बाटलीत थोडे काढून ठेवा. दोन थर दिसले तर ते वापरू नका.

येत्या शनिवारी शेडमधल्या इंजिनात मी मुद्दाम एक बिघाड करून ठेवणार आहे. पाना माझ्याकडे असेल. जो मागेल, त्याने आधी सांगायचे की बोट कुठे बांधली.