तांडा जेथे थांबला

वंशावळ हा शब्द आमच्या घरात शिरला तो प्रतिज्ञापत्राच्या रूपाने. पुतणीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता आणि जात वैधता प्रमाणपत्राच्या अर्जासोबत वडिलांकडील नातेवाइकांची वंशावळ जोडणे भाग होते. आम्ही बंजारा, आमची गणना विमुक्त जातींत. त्यासाठी शासनाने मानलेली तारीख २१ नोव्हेंबर १९६१. तिच्या आधीचा, जातीची नोंद असलेला कागद हवा. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे काम अवघड वाटू नये. एखाद्या मध्ययुगीन कवीचा काळ ठरवताना अंतर्गत पुरावा, बहिर्गत पुरावा असे आम्ही वर्गात केवढ्या ऐटीत मांडत असतो! स्वतःच्या पणजोबांपाशी पोचलो आणि दोन्ही पुरावे आटले.

त्याच सुमारास, जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या पूर्वजांचा माग काढणाऱ्या काही वंशजांचे लेखन वाचनात आले. हेवा वाटला. हॅम्बुर्ग बंदरातून बोटीने निघालेल्या प्रवाशांच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत माणूस नावानिशी सापडतो. आमचे पूर्वजही स्थलांतरितच. पण ते बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून आले. लदेणीला बंदर नसते, आणि तांड्याची प्रवासी यादी कोण करणार?

लिहिले ते पोलिसांनी. वऱ्हाडातील पोलीस अधिकारी कंबरलेज यांनी बंजाऱ्यांविषयी लिहिलेली पुस्तिका १८८२ साली मुंबईत छापली गेली. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, हे लक्षात घेतले की पोलीस खात्याच्या या जिज्ञासेचे फारसे नवल वाटत नाही. तरीही तिचे ऋण मान्य केले पाहिजे. आसफखानाच्या फौजेबरोबर १६३० च्या सुमारास राठोडांचे भंगी-जंगी एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन आणि वडतियांचा भगवानदास बावन्न हजार बैल घेऊन दक्षिणेत उतरला, ही परंपरा इंग्रजी कागदांत आली ती अशा लेखनातून. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही बंजाऱ्यांवर मोठे प्रकरण आहे. आकडे वाचून छाती फुगते; पण त्यांतला एकही बैल आमच्या खापरपणजोबांच्या दावणीला आणून बांधता येत नाही.

मग बापूंच्या सांगण्यावरून आम्ही एका वृद्ध ढाडीकडे गेलो. ढाडी म्हणजे तांड्याचे वंशगायक. चव्हाणांच्या सहा, पवारांच्या बारा, राठोडांच्या सत्तावीस शाखा त्यांच्या जिभेवर असतात. म्हातारबांनी डोळे मिटले आणि आमच्या शाखेपासून खाली बापूंपर्यंत चौदा नावे एका लयीत म्हटली. सनावळी नाही, गाव नाही. आम्ही मध्येच थांबवून एक नाव पुन्हा विचारले, तेव्हा त्यांना परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मौखिक परंपरेवर आम्ही आजवर जेवढी व्याख्याने दिली, त्यांत ही साधी गोष्ट कधी आली नव्हती. त्या नावांत एकही बाईचे नाव नव्हते, हेही तेव्हा ध्यानात आले नाही.

कागद मिळाला तो कोतवाल बुकात. आमची महागावकडील गावे पूर्वी पुसद तालुक्यात होती, आणि पुसद १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात. म्हणजे जुने काही शोधायचे तर आधी जिल्हाच बदलावा लागतो. एम.ए.ला हौसेने शिकलेली मोडी प्रथमच कामी आली. आजोबांच्या जन्माच्या नोंदीत जात 'लमाणी'. त्यांच्या धाकट्या भावाच्या नोंदीत 'लभाण'. बापूंच्या शाळेच्या दाखल्यावर 'बंजारी'. तिघे एकाच ओसरीत वाढलेले! लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. त्याचा खुलासा नातवंडांनी शपथेवर करायचा.

काम तेथेच संपले होते. पण हात थांबेना. त्याहून जुन्या, कडा झडलेल्या एका बुकात आमच्याच तांड्यातला एक मृत्यू निघाला. कारण : ताप. नावाच्या रकान्यात एका पुरुषाचे नाव आणि पुढे 'याची बायको लमाणीण'. ते नाव ढाडीच्या यादीतले अकरावे होते. चौदा पिढ्यांच्या गाण्यात आणि सरकारी दप्तरात जुळणारे सर्वांत जुने ठिकाण हे एवढेच, आणि ते या बाईच्या मरणामुळे जुळले. आगगाडी १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. मीठ वाघिणीतून जाऊ लागले, तांडे पूस आणि पैनगंगेकाठच्या माळांवर टेकले. बैलावरची गोणी अखेरची उतरवली ती पिढी बहुधा हिचीच. चूल कायमची मांडली ती हिने, असे आम्ही धरून चालतो.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार झाला तेव्हा पुतणीने विचारले, "काका, खापरपणजीला कुठं लिहायचं?"

अर्जनवीस म्हणाला, "नमुन्यात बायकांची गरज नाही, सर." चौकटींच्या त्या झाडात वरपासून खालपर्यंत पुरुष होते आणि अगदी तळाशी, अर्जदार म्हणून, ही मुलगी.

घरी आल्यावर तिने आमच्याकडील प्रतीवर खापरपणजोबांच्या शेजारी पेन्सिलीने एक चौकट काढली आणि नाव विचारायला बापूंकडे गेली. बापूंनी बराच वेळ आठवून पाहिले. त्यांच्या आजोबांच्या तोंडून त्यांनी एकच शब्द ऐकला होता.

"याडी म्हणायचा तो तिला," ते म्हणाले. याडी म्हणजे आई.

प्रमाणपत्र यथावकाश आले. पुतणी वसतिगृहात राहायला गेली. ती प्रत आमच्या कपाटात आहे. चौकटीत 'याडी' असे लिहिले आहे, पेन्सिलीनेच.