गावठाणातला संगणक, वस्तीवरचा संगणक

विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, हा प्रश्न बहुधा किंमत, प्रोसेसर आणि मेमरी यांच्या तुलनेवर सोडवला जातो. परंतु २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि सुमारे १७,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्याचे उत्तर विद्यार्थ्याचे घर कोणत्या वीजवाहिनीवर आहे आणि महाविद्यालय घरापासून किती दूर आहे, यांवर अधिक अवलंबून असते.

जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबे गावठाणात न राहता शेतातल्या वस्तीवर राहतात. गावठाणाची वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून जेथे वेगळी झाली आहे, तेथे गावातील घरांना पुरवठा बऱ्यापैकी सलग मिळतो. वस्तीवरची घरे मात्र पुष्कळदा शेतीपंपांच्याच वाहिनीवर असतात, जिला थ्री फेज वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, ठरावीक तासच मिळते आणि एरवी सिंगल फेजवर दिवे-पंखे चालले तर चालतात. शिवाय परिसरातील पंप एकदम सुरू झाले की वाहिनीच्या टोकाला विजेचा दाब खाली येतो. राळेगणसिद्धीत पथदर्शी प्रकल्प झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना पंपांना दिवसा वीज देण्यासाठी आहे; विद्यार्थी अभ्यासाला बसतो तो रात्री.

या परिस्थितीचा परिणाम दोन्ही यंत्रांवर सारखा होत नाही. डेस्कटॉपजवळ स्वतःचा वीजसाठा नसल्यामुळे वीज जाताच जतन न केलेले काम नाहीसे होते, म्हणून त्याला यूपीएस, म्हणजे वीज खंडित होताच बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवणारी पेटी, जोडावी लागते. सर्रास मिळणारी ६०० व्हीए क्षमतेची यूपीएस साध्या डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटे तारते. तो अवधी काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरता असतो, अभ्यासापुरता नव्हे. घरच्या इन्व्हर्टरवरही डेस्कटॉप चालू शकतो, परंतु इन्व्हर्टरचा खटका 'यूपीएस' बाजूला नसेल तर वीज जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या निमिषात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दोष खटक्याचा असताना संगणकच बिघडला असे समजून तो दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गावी नेला जातो. लॅपटॉपमध्ये बॅटरी अंगभूत असते आणि त्याचा अडॅप्टर सामान्यतः १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब स्वीकारतो, त्यामुळे कमी दाबाची वीजही त्याला बहुतेक वेळा पुरते. वस्तीवरच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत वाद येथेच जवळजवळ मिटतो.

जवळजवळ म्हणण्याचे कारण उष्णता हे आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारणतः १५ ते ४५ वॅटच्या मर्यादेत राहील असा घडवलेला असतो, तर डेस्कटॉपचा प्रोसेसर ६५ वॅट किंवा अधिक वीज घेऊ शकतो आणि मोठ्या पंख्यामुळे ती उष्णता बाहेर टाकू शकतो. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग आपोआप कमी करतो, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात बसलेल्या विद्यार्थ्याला ही घट जाणवते. प्रोग्रॅम लिहिणे, टॅली शिकणे किंवा प्रकल्प-अहवाल टंकणे यांत तिने फारसे बिघडत नाही. यंत्रभागांची किंवा इमारतींची त्रिमितीय रेखाटने तासन्‌तास करणाऱ्याने मात्र ती हिशेबात धरली पाहिजे.

दुरुस्तीच्या बाबतीत डेस्कटॉप निर्विवाद सरस ठरतो. त्याचा मेमरीपट्टा, डिस्क, वीजपुरवठ्याची पेटी हे सारे सुटे भाग स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतात आणि आत साचलेली धूळ ब्लोअरने काढता येते. पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी अनेकदा मदरबोर्डवरच डाखलेली असल्याने ती पुढे वाढवता येत नाही, आणि लिथियम-आयन बॅटरी तीनशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर लक्षणीय क्षीण होते.

तथापि लोणी, संगमनेर किंवा कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्याला, किंवा अकोले येथून संगमनेरला एसटीने रोज ये-जा करणाऱ्याला, डेस्कटॉपचे हे गुण उपयोगाचे नाहीत. उलट गावठाणातील घरी भावंडांसह राहणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला डेस्कटॉप अधिक उचित होय, कारण तो सर्वांच्या उपयोगी पडतो, त्याचा पडदा मोठा व डोळ्यांच्या पातळीवर ठेवता येण्याजोगा असतो, आणि संगणकावर घेतल्या जाणाऱ्या एमएचटी-सीईटीसारख्या परीक्षेत लागणाऱ्या माउसची सवय त्यावर आपसूक होते. लॅपटॉपवर सराव करणाऱ्यानेही स्वतंत्र माउस जोडावा. ती किरकोळ खर्चाची बाब आहे.

खरेदीची घाई हा या विषयातील सर्वांत महागडा दोष आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष बहुतांशी सर्व शाखांना समान असते आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा त्या काळात उपलब्ध असते, त्यामुळे शाखेची खरी गरज स्पष्ट होईपर्यंत पालकांनी थांबण्यास हरकत नाही. आणि डेस्कटॉपच घ्यायचा ठरला, तर यूपीएसची किंमत आरंभीच त्याच्या किमतीत मिळवून मगच लॅपटॉपशी तुलना करावी.