उसना पाना

दुबईहून ई-३११ धरून उत्तरेला निघालं, की शारजा, अजमान, उम्म अल क्वैन एकामागून एक मागे पडतात आणि तासाभरात उजव्या हाताला हजर पर्वताची करडी भिंत दिसू लागते. हे रास अल खैमा. जुनं जुल्फार बंदर इथलंच. पंधराव्या शतकातला नामांकित दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याच गावचा. सात अमिरातींत ही सर्वांत शेवटी, १० फेब्रुवारी १९७२ रोजी सामील झाली. आपली मंडळी मात्र इथे येतात ती बहुधा जबल जैससाठी.

जबल जैस आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. कळसूबाई १,६४६ मीटर, तर जैस १,९०० मीटरच्या वर. सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा, इथला चुनखडीचा, एके काळी समुद्राच्या तळाशी साचलेला. हिरवळ औषधापुरती. जानेवारी २००९ मध्ये माथ्यावर बर्फ पडलं, तेव्हा साऱ्या देशाला त्याचं अप्रूप वाटलं होतं. २०१८ मध्ये वर तेव्हाची जगातली सर्वांत लांब झिपलाइन सुरू झाली. आणि रस्ता असा, की वरंधा घाटात गाडी शिकलेल्या माणसाला हे सगळं फुकटच मिळाल्यासारखं वाटावं.

मोटरसायकलवाल्यांना चढणीचं वेड असतं, पण परीक्षा उतरणीला होते. हिशोब साधा आहे. गाडी, मी, मागे बायको आणि थोडं सामान मिळून अडीचशे किलो. एवढं वजन हजार मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर आठेक लिटर पाणी उकळेल. थोडी वारा खातो, थोडी खालच्या गिअरमध्ये इंजिन खातं. उरलेली सगळी उष्णता होऊन ब्रेकच्या दोन पोलादी चकत्यांत जाते.

यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऊन जरा उतरलं आणि आम्ही पहाटे जैसला गेलो. परतीच्या वळणांवर पुढचा ब्रेक दाबला, की लिव्हर बोटांखाली धडधडू लागला. गाडी थांबत होती, पण धक्के देत. मागून बायकोने खांद्यावर थाप मारली, "काय होतंय?" दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू, दोन्ही ब्रेक आळीपाळीने वापरत खाली उतरलो. पुढे दुबईपर्यंत शंभर किलोमीटर, तेही सुसाट ट्रकांमधून. ती म्हणाली, "मी या गाडीवरून दुबईला येणार नाही. आणि तूही जायचं नाहीस."

रास अल खैमात, नखीलच्या बाजूला, आमचा एक सोलापूरचा मित्र राहतो. जुनं बैठं घर, पुढे अंगण, अंगणात देशी बदामाचं झाड. तो सिरॅमिकच्या कारखान्यात दर्जातपासणीला आहे. त्याने व्हर्निअर आणून डिस्क चार ठिकाणी मोजली. किती झिजेपर्यंत चालेल, हा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्कवर ४.५ मिलिमीटर होता. मोजमाप भरलं कुठे ४.४, कुठे ४.२. डिस्क वाकली असं आपण सहज म्हणतो, पण पुष्कळदा ती वाकलेली नसते, जाडी सारखी राहिलेली नसते. मागचीही हद्दीवरच होती. म्हणजे दोन्ही बदलायच्या, आणि नव्या डिस्कला नवे पॅड. गाडी बदामाखाली ठेवून आम्ही दोघं बसने परतलो.

गॅरेजची तारीख मिळत होती ती दसऱ्यानंतरची. सुटे भाग अल कूझमध्ये मिळाले. गाडी मूळची चाकणच्या कारखान्यातली, त्यामुळे खोक्यावर "मेड इन इंडिया" वाचून उगाच बरं वाटलं. प्रश्न हत्यारांचा होता.

पुण्याच्या घरी माळ्यावर वडिलांची पान्यांची पेटी आहे. इथे अठरा वर्षं काढली, पण माझ्याकडे एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक पक्कड. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असणार. भाड्याचा फ्लॅट, दोन वर्षांचा व्हिसा, काही मोडलं तर इमारतीचा माणूस येतो, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी उघडली तर वॉचमन धावत येतो. पेटी घेणं म्हणजे इथे राहणार असं कबूल करणं. ते आपण पुढे ढकलत राहतो.

पण मित्राने त्या अंगणातून चार फोन केले आणि मला कळलं, की गल्लीत अख्खं गॅरेज आहे. फक्त ते दहा घरांत वाटलेलं आहे. शेजारच्या मल्याळी इलेक्ट्रिशियनकडे हीटगन, तो तारांवरच्या नळ्या आवळायला वापरतो. बांगलादेशी सुताराकडे सी-क्लॅम्प. पलीकडच्या फिलिपिनो दादाकडे ॲलन-कीचा संच आणि गाडी उचलायचा स्टँड. टॉर्क रेंच मात्र एकाकडेच होता, कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानातल्या पेशावरच्या उस्तादकडे. तो म्हणाला, "पाना नहीं देगा. पाना के साथ हम आएगा. मगरिब के बाद."

खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारी दुपारी कामाला लागलो. मित्राची आई व्हिजिट व्हिसावर आलेली. काकूंनी जुनी सुती साडी फाडून फडकी दिली आणि बाजेवर बसून विचारलं, "अरे, एवढ्या मोठ्या गाडीला ब्रेकच टिकत नाहीत होय?"

चाक काढणं सोपं होतं. कॅलिपर मोकळा झाल्यावर तो नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. नळीवर ताण आला तर आतून इजा होते आणि बाहेरून दिसत नाही. खरी अडचण डिस्कच्या बोल्टची. कंपनी त्यांना कुलूप लावल्यासारखा चिकट द्राव लावून बसवते. जोर केला तर बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग ड्रिलशिवाय सुटका नाही. म्हणून आधी हीटगनने एकेक बोल्ट तापवायचा, द्राव मऊ झाला की सावकाश, एका दमात फिरवायचा. पहिला बोल्ट "टक्" करून सुटला तेव्हा अंगणात जमलेल्या पाचही जणांनी श्वास सोडला.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक-क्लीनरने पुसून काढला, नंतर तिच्या पृष्ठभागाला बोट लावलं नाही. चाकावरची बैठक घासून साफ केली. तिथे वाळूचा कण राहिला तरी डिस्क तिरकी बसते, आणि इथे वाळू कुठे नसते? सुताराच्या क्लॅम्पने पिस्टन हलकेच मागे सारले. ब्रेकचं तेलही बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो: डॉट-४ दर्जाच्या तेलाचा किमान २३० अंशांवरून १५५ पर्यंत. या दमट किनाऱ्यावर ते दोन वर्षांनी बदलायलाच हवं.

अंधार पडता पडता उस्ताद आला. रेंच कापडात गुंडाळून, काखेत. पुस्तिकेतला आकडा त्याने मला दोनदा वाचायला लावला, मग जुळवला. नवे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन फेऱ्यांत आवळले. सरळ ओळीने आवळले तर डिस्कवर ताण एका बाजूने येतो. प्रत्येक बोल्टला रेंचने "कट्" म्हटलं की तो म्हणायचा, "बस." एक कट् जास्त नाही.

काकू बघत होत्या. म्हणाल्या, "आमचे हे मिलमध्ये फिटर होते. त्यांचंही असंच. कुणी पाना मागितला की पान्याबरोबर स्वतः जायचे. म्हणायचे, पाना दिला तर पानाच जातो. आपण गेलो तर काम होतं." मी हे उस्तादला हिंदीत सांगितलं. त्याने काकूंकडे बघून छातीला हात लावला.

चाक बसल्यावर आधी लिव्हर दाबत राहायचा, हाताला घट्ट लागेपर्यंत. हे विसरून गाडी काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही. मग मागच्या रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहावर, पुरतं न थांबता, पंधरा वेळा. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो तो असा. शेवटच्या फेरीला लिव्हर शांत होता.

उस्तादने रेंचचा आकडा सगळ्यांत खाली आणला आणि मगच तो गुंडाळला. स्प्रिंग ताणून ठेवली तर माप खोटं दाखवते. पैसे घेतले नाहीत. पण शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपला रिवाज हत्यारांनाही लागू आहे असं काकूंनी ठरवलं. हीटगन, क्लॅम्प, ॲलन-की, सगळं पुसून परत गेलं ते सोलापुरी शेंगाचटणीच्या पुडीसोबत. उस्तादला कडक भाकरीही मिळाली.

बायको माझ्यामागे बसूनच दुबईला आली. वाटेत शारजात थांबून मी एक टॉर्क रेंच घेतला. खंडेनवमीला तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. आता आपल्या मंडळात कुणाच्या सायकलचं, मोटरसायकलचं काम निघालं तर सांगा. पाना नुसता मिळणार नाही. पान्याबरोबर मी येईन.