वैशाखातील हुकूम, आषाढातील अंमल

नागपूरच्या, 1958 साली स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकून साकोलीकडे उमेदीची वर्षे घालविलेल्या मजसारख्यास सूक्ष्मदर्शकाखाली सळसळणाऱ्या वळूच्या रेताचे अप्रूप उरू नये, हे खरे. तथापि ते पाहताना, आपण वर्तमान नव्हे, कुणी पूर्वीच उरकलेला कारभार पाहत आहोत, असे मला नेहमी वाटत आले. वळूच्या वृषणात मूलपेशीपासून शुक्रजंतू सिद्ध होण्यास सुमारे 61 दिवस लागतात, अधिवृषणातून उतरण्यास आणखी आठ-दहा (हल्याची मुदत याहून आखूड); तेव्हा आषाढातल्या थेंबाची सुरुवात वैशाखातली असते.

आणि भंडाऱ्याचा वैशाख! पारा 45 अंशांकडे झुकतो, बोड्या आटतात, आणि वृषण शरीराहून काही अंश थंड राखणे वळूस जड जाऊन अर्धसूत्री विभाजनात गुंतलेल्या पेशींना प्रथम मार बसतो. पुढे पाऊस येतो, वळू तुकतुकीत होतो, तरी गाई गाभण न राहता उलटतात, आणि शेतकरी म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आता त थंडावा झाला नं जी!"

मला खरा मोह आहे तो या पेशींतील जनुकांच्या हुकुमांचा. विभाजनानंतर निम्म्या पेशींच्या वाट्यास क्ष गुणसूत्र येते, निम्म्यांच्या य. न्यायाने क्ष-विरहित पेशींचे काम अडावे. परंतु भावंड पेशी जीवद्रव्याच्या अरुंद पुलांनी जोडलेल्या असतात, आणि संदेशवाहक आरएनए त्या पुलांवरून वाटून घेतात. पुढे डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांच्या जागी प्रोटामिने येतात व गुंडाळी इतकी आवळते की नवा हुकूम सुटणेच बंद होते. उरलेले काम चालते ते आधी लिहून, प्रथिनांत बांधून दप्तरी ठेवलेल्या संदेशांवर. उंदरांत खुद्द प्रोटामिनाचा संदेश कित्येक दिवस असा तहकूब राहतो. प्रयोगात तो मुदतीपूर्वी अमलात आणविला तेव्हा पेशींची घडण खुंटली आणि नर वंध्य झाले. कचेरीतील दिरंगाईस आयुष्यभर नावे ठेवलेल्या मला ही दिरंगाई मात्र निमूट मान्य करावी लागली.

द्रवनत्रात उणे 196 अंशांवर ठेवलेली रेताची कांडी 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरताना आपला हात कितीही सावध असो, त्या रेतात नवे काही लिहिले जात नाही. ताज्या रेताचेही तेच. म्हणून गावच्या वळूला चैत्रापासूनच गच्च सावली द्या, अंगावर ओले पोते टाका, पाणी तोडू नका, असा माझा आग्रह असतो. एवढी बडदास्त कशाला, असे कुणी विचारले की मी त्याच्याच गोठ्यातील श्रावणात उलटलेल्या गाई मोजावयास लावतो.