अंगण वाकडे

आमच्या चिरंजीवांच्या घरी मोटार ठेवण्यासाठी एक प्रशस्त खोली आहे. मात्र मोटार कायम बाहेर उन्हात उभी असते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता कॅलिफोर्नियात त्याच्याकडे गेलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी या गोष्टीचा उलगडा झाला. खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि पूर्वी आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ताटल्या लावीत, तशा त्या फळ्यांवर रंगीबेरंगी तबकड्या ओळीने उभ्या होत्या. लाल, पिवळ्या, निळ्या, काही काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. मी मास्तरांचा मुलगा. दिसेल ते मोजण्याची खोड जन्माची. मोजल्या. त्र्याऐंशी भरल्या.

"एवढ्या कशाला रे?" मी विचारले.

"बाबा, प्रत्येकीचं काम वेगळं असतं," तो म्हणाला. सूनबाई चहाचे कप घेऊन येत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांचे न बोलणेही मला ऐकू आले.

या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारीत खळग्यापर्यंत न्यायचा. इथे हाताने तबकडी फेकीत टोपलीपर्यंत न्यायची. जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, त्याला कमरेच्या उंचीवर एक टोपली आणि तिच्या वर लोंबणाऱ्या साखळ्या. तबकडी साखळ्यांवर आदळते, खळ्ळकन आवाज होतो आणि ती टोपलीत पडते. अशा सामान्यतः अठरा टोपल्या. सर्वांत कमी फेकींत जो फेरी पुरी करील तो जिंकला. बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असल्याने खेळायला पैसे पडत नाहीत. एक तबकडी असली की काम भागते. निदान तत्त्वतः.

चिरंजीवांचे घर पॅसाडेनाच्या जवळ. तिथून थोड्या अंतरावर ओकच्या झाडांनी भरलेले एक उद्यान आहे. त्याला पूर्वी ओक ग्रोव्ह म्हणत, आता हाहामोंगना असे मूळ रहिवाशांच्या भाषेतले नाव आहे. १९७५ मध्ये एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने या खेळाचे पहिले कायमचे मैदान इथेच आखले. हा मनुष्य फ्रिझबी बनवणाऱ्या कंपनीत होता. साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट त्याला १९७७ मध्ये मिळाले. २००२ मध्ये तो वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या बनवल्या गेल्या. आपल्याकडे अस्थी नर्मदेत सोडतात. या भल्या माणसाने त्या हवेत सोडण्याची सोय करून ठेवली. ऐकून प्रथम हसू आले, मग थोडा हेवाही वाटला. एखाद्या गोष्टीवर इतके प्रेम करता यावे!

दर शनिवारी सकाळी चिरंजीव आणि अकरा वर्षांचा नातू तिथे जात. मीही जाऊ लागलो. तिथे एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. या खेळातही घराणी आहेत. गाण्याच्या बैठकीनंतर आमच्या इंदुरात अमीर खाँसाहेबांच्या विलंबित ख्यालावरून रात्र-रात्र वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्याच आवेशाने इथे कोणी इनोव्हाचा, कोणी डिस्क्राफ्टचा, तर कोणी स्वीडनच्या लॅटिट्यूड ६४ चा कैवार घेतो. टोपीवर तेच नाव, सदऱ्यावर तेच नाव. चिरंजीव इनोव्हा घराण्याचे. दुसऱ्या कंपनीची तबकडी कोणी हातात दिली, तर ती ते चिमटीत धरून पाहत.

मी त्याला एकदा सहज विचारले, "तुमच्यातला सर्वांत मोठा खेळाडू कोणाची वापरतो?" तेव्हा तो जरा अडखळला. पॉल मॅक्बेथ हा गडी २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षे जगज्जेता होता, आणि तेव्हा त्याच्या पिशवीत इनोव्हाच्याच तबकड्या असत. २०१९ मध्ये तो डिस्क्राफ्टकडे गेला. पिशवी बदलली, वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या तबकड्या गेल्या. आणि त्याच वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला. २०२२ मध्ये आणखी एकदा. मधल्या काळात, २०२१ मध्ये, नव्या कंपनीने त्याच्याशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलर्सचा करार केला. म्हणजे तबकडीने त्याला मोठे केले नव्हते; त्याच्यामुळे तबकडीला भाव आला होता. पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला हा हिशेब नेमका उलटा दिसतो.

याचा अर्थ साहित्याला काहीच मोल नाही असा नव्हे. तसे म्हणणे हाही एक प्रकारचा दांभिकपणाच. १९८३ मध्ये इनोव्हाने कडेला धार असलेली पहिली तबकडी काढली आणि खेळच पालटला. जाड कडेच्या फ्रिझबीपेक्षा ती वारा कापीत कितीतरी दूर जाऊ लागली. आज बहुतेक तबकड्यांवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा आरंभीच्या वळणाचा आणि चौथा शेवटी कलण्याचा. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकली, तर ती आधी किंचित उजवीकडे झुकते आणि वेग ओसरला की डावीकडे कलते. गोम अशी की, तो पहिला आकडा म्हणजे तबकडी तुम्हाला देणार असलेला वेग नव्हे. तो तिने तुमच्याकडून मागितलेला वेग आहे.

हे मला अनुभवाने कळले. चिरंजीवांनी कौतुकाने माझ्या हाती डिस्ट्रॉयर नावाची तबकडी दिली. आकडे बारा, पाच, उणे एक, तीन. अनेक मोठे खेळाडू ती फेकतात. मी सर्व बळ एकवटून फेकली. तरंगणे नाही, वळणे नाही. ती तडक डावीकडे वळून वीस पावलांवरच्या झुडपात शिरली. दुसरी फेकली, तीही तिथेच. दोष कोणाचाच नव्हता. बाराच्या तबकडीला माझा दंड फार तर चारचा मिळाला होता.

मागे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ पाळीसाठी उभे होते. वयाने माझ्याच आगेमागे असावेत. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी झोळीत फक्त तीन तबकड्या होत्या. सर्वांत स्वस्त प्लास्टिकच्या, दहा-बारा डॉलरवाल्या, ओकच्या खोडांवर आपटून कडा खरवडलेल्या. त्यांनी त्यांतली एक मला दिली आणि खुणेने सांगितले, हळू. मी हळू फेकली. ती सरळ गेली. फार दूर नाही, पण अगदी सरळ. जणू तिला वाट ठाऊक होती.

त्यांनी मग समजावून सांगितले. स्वस्त प्लास्टिक मऊ असते. नवी असताना तबकडी शेवटी हट्टाने डावीकडे ओढते. झाडांवर, दगडांवर आपटून तिची कड झिजते, तसा हट्ट कमी होतो. हंगामभर वापरली की ती सरळ जाऊ लागते, आणखी दोन-तीन वर्षांनी उजवीकडे वळू लागते. महागडे प्लास्टिक टणक, ते सहसा बदलत नाही. त्यांच्या तिन्ही तबकड्या एकाच साच्यातल्या होत्या, फक्त वेगवेगळ्या वयाच्या. ते हसून म्हणाले, "दुकानात मिळते ती नुसती तबकडी. ही मात्र मला तयार करावी लागली."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो, आणि त्याने त्या रात्री मला झोपू दिले नाही. कारण काय, ते पुढे सांगतो.

पुढच्या आठवड्यात जेवताना नातवाने विषय काढला. त्याला एका विजेत्याच्या नावाची खास तबकडी हवी होती. सूनबाई म्हणाल्या, "घरात त्र्याऐंशी आहेत, त्यांतली एक घे." मुलगा हिरमुसला. त्यावर चिरंजीव, माझ्याकडे पाहत, काहीशा भावनेने म्हणाले, "घेऊ दे त्याला. आमच्या घरात एकाचं क्रिकेट एका बॅटीपायी राहिलं. तसं याचं व्हायला नको. मी स्वतः कमवायला लागलो, तेव्हाच ठरवलं होतं, साहित्यात कधी काटकसर करायची नाही."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

ही गोष्ट मीच त्याला सांगितली होती. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. इंदूर म्हणजे कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींचे गाव. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकलेला. त्या आठवणींवर वाढलेल्या आम्हा रामबागेतल्या पोरांना आपण प्रत्येकजण उद्याचा मुश्ताक आहोत असेच वाटे. कॉलेजच्या संघातून मी बाहेर पडलो, आणि मुलाला सांगत आलो की, "अण्णा मास्तर होते, चांगली बॅट घेऊन देण्याची ऐपत नव्हती. नाहीतर…" त्या 'नाहीतर'वर मी इतकी वर्षे उभा होतो.

ताट बाजूला सारून मी म्हणालो, "ऐक. ती गोष्ट खोटी आहे."

१९६७ ची दिवाळी. दोन सामन्यांत मला भोपळा मिळाला होता. घरी येऊन मी अण्णांना, आईच्या देखत, बोललो: "तुम्ही धड बॅटसुद्धा देऊ शकत नाही, मग मी खेळणार कसा?" अण्णा काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांनी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून राजवाड्याजवळच्या दुकानातून उत्तम विलोची बॅट आणली. सोबत अळशीच्या तेलाची बाटली, एक जुना चेंडू आणि लाकडी मोगरी. दुकानदाराने त्यांना सगळे नीट सांगितले होते, आणि अण्णांनी ते गणिताच्या वहीच्या कागदावर मुद्देसूद लिहून आणले होते. तेल लावावे, मुरू द्यावे. मग मोगरीने आणि जुन्या चेंडूने तासन्‌तास हलके ठोकावे, विशेषतः कडा. एवढे झाल्यावाचून नव्या चेंडूसमोर नेऊ नये.

रविवारी सामना होता. मी ती कोरी बॅट घेऊन गेलो. तिसरा की चौथा चेंडू आखूड काठाला लागला आणि खालपासून मध्यापर्यंत चीर गेली. पुढच्याच चेंडूवर, मित्राची बॅट घेऊन, मी त्रिफळाचीत झालो. चेंडू आत वळत होता. तो मला कधीच दिसत नसे. बॅट कोणतीही असती तरी दिसला नसता.

अण्णांनी चीर पाहिली, बोट फिरवले, आणि "लागलं नाही ना तुला?" एवढेच विचारले. कर्जाचे हप्ते दीड वर्ष चालले. बॅट पुढे आईने न्हाणीघरात ठेवली. सतरंज्या-चादरी धुताना ती धोपटणे म्हणून फार उपयोगी पडे. कितीतरी वर्षे सकाळी त्या आवाजाने मला जाग येत असे. अण्णा १९८४ मध्ये गेले. त्यांच्यामागे मी ही गोष्ट उलटी करून सांगू लागलो, कारण खरे सांगायचे तर 'मला चेंडू दिसत नव्हता' असे म्हणावे लागले असते. नाचता येईना, अंगण वाकडे. माझे अंगण वाकडे नव्हते. ते अण्णांनी कर्ज काढून सारवून दिले होते.

जेवणाच्या टेबलाशी बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नातवाने विचारले, "आजोबा, सॉरी म्हणालात का तुम्ही त्यांना?"

"नाही रे," मी म्हणालो. "राहिलं."

चिरंजीव उठून बाहेर गेले. त्या खोलीतला दिवा बराच वेळ जळत होता. त्याला राग आला होता की वाईट वाटले होते, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. बापाची गोष्ट मुलाच्या आयुष्यात कुठवर मुळे पसरून बसते, याचा अंदाज बापाला नसतो. माझ्या एका खोट्या सबबीच्या त्याने त्र्याऐंशी तबकड्या केल्या होत्या.

शनिवारी आम्ही तिघे मैदानावर गेलो. नातवाने आपण होऊन एक जुनी, सावकाश जाणारी तबकडी निवडली आणि सबंध फेरी तिच्यावरच खेळला. अकराव्या टोपलीशी साखळ्या खळखळल्या, तेव्हा त्याने बापाकडे न पाहता आधी माझ्याकडे पाहिले. सर्व काही सुधारले असे मात्र कोणी समजू नये. आम्ही परतलो त्याच्या आधीच्या आठवड्यात पोस्टाने एक चपटे खोके आलेच. चिरंजीव ओशाळून म्हणाले, "बाबा, ही आधीच मागवलेली होती." मी काही बोललो नाही. चौऱ्याऐंशीवी फार सुंदर होती, निळी.

इंदूरला येताना त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी दिलेली एक झिजकी तबकडी मी बरोबर आणली. संध्याकाळी आमच्या सोसायटीतली मुले ती मागून नेतात, आणि लिंबाच्या झाडावर आपटून आणखी झिजवून परत आणून देतात. न्हाणीघरातले ते धोपटणे मात्र जुने घर विकताना कुठे गेले, कळले नाही. ते जपायला हवे होते.