थर्मोकोलच्या फळीचा कणा

कर्जतला समुद्र नाही. उल्हास नदी आहे, ओढे आहेत, पावसाळ्यात डोंगरावरून कोसळणारे धबधबे आहेत. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येते, धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात आणि घराघरांत मुलांना ताकीद मिळते, "पाण्याकडे फिरकायचं नाही." आमच्या घरात ही ताकीद जरा जास्तच कडक होती. आमचे धाकटे मामू ऐन तरुणपणी नदीत गेले. त्यानंतर अम्मीने आम्हा भावंडांपैकी एकालाही पाण्यात उतरू दिले नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता आम्ही चाळिशी ओलांडली, पण पोहणे राहूनच गेले.

आमचा मुलगा नववीत आहे. मागच्या हिवाळ्यात शाळेची सहल मुरूडजवळच्या काशीदच्या किनाऱ्यावर गेली. तिथे एक तरुण फळीवर उभा राहून लाटेवरून घसरत येताना त्याने पाहिला. घरी आला तो ध्यास घेऊनच. विकतची फळी आमच्या बजेटात बसणारी नव्हती. आम्ही "बघू" म्हणालो. घरातल्या मोठ्यांच्या "बघू"चा अर्थ मुलांना बरोबर कळतो. त्याने फ्रिजच्या खोक्यातला आणि कुठून कुठून जमवलेला थर्मोकोल जोडून स्वतःच फळी केली आणि न सांगता मित्राबरोबर गावाबाहेरच्या तळ्यावर गेला. छातीभर पाण्यात तो फळीवर चढला आणि फळी मधोमध कडकन मोडली. मित्राने हात धरून ओढले म्हणून बरे. अल्हम्दुलिल्लाह, मुलगा घरी आला. त्या रात्री आमच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आमचा पहिला विचार एकच होता, तुकडे जाळायचे आणि विषय बंद. पण आमचे अब्बा खालापूर तालुक्यात जन्मभर सुतारकाम करत आलेले. त्यांनी मोडलेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बेटा, मोडेल नाही तर काय? याला कणाच नाही. फळीला कणा घाल आणि पोराला पोहायला शिकव. नुसतं अडवून किती दिवस अडवशील?"

थर्मोकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते, म्हणून तो तरंगतो. पण फळीच्या मध्यावर माणसाचे वजन पडले की ती खाली वाकते. वरचा भाग दबतो, खालचा ताणला जातो आणि ताण न सोसल्याने तिथून चीर सुरू होते. म्हणून फेसाच्या फळ्यांत लांबीभर एक पातळ लाकडी पट्टी उभी बसवतात. तिला स्ट्रिंगर म्हणतात. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी फेसाच्या फळ्या मोठ्या प्रमाणावर करायला सुरुवात केली, तेव्हापासून ही पट्टी नेहमीची झाली. ती आडवी न ठेवता उभी का ठेवायची, हे शाळेतली मोजपट्टी सांगते. आडवी धरली तर पट्टी सहज वाकते, उभी धरली तर वाकत नाही. पट्टीची उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. त्यामुळे पाच मिलिमीटर जाडीची पट्टीही पुरते.

प्रश्न होता, पट्टी कशाची घ्यायची? अब्बांच्या जुन्या शेडमध्ये रविवारी आमची शाळा भरू लागली. दोन स्टुलांवर पट्टी उभी ठेवायची, मधोमध पाण्याच्या बाटल्या टांगायच्या आणि ती किती वाकते, सोडल्यावर सरळ होते का, हे मुलाने वहीत लिहायचे.

मुलाला सागवान हवे होते. "सगळ्यात मजबूत तेच ना?" मजबूत खरे, पण जड. शिवाय सागात तेलकटपणा असतो, गोंद नीट धरत नाही. मोठी अडचण रंधा मारताना कळली. थर्मोकोल आणि लाकूड एकदमच तासावे लागते. कठीण लाकडावर रंधा अडतो, जोर लावला की शेजारचा थर्मोकोल खरवडून निघतो. अॅल्युमिनियमची पट्टी एकदा वाकली ती वाकलीच. साध्या प्लायवूडचे पदर पाण्याने सुटतात. कळकाची कामटी उत्तम लवते आणि परत सरळ होते, पण पाच सेंटिमीटर उंचीची सरळ पट्टी एका कामटीतून निघत नाही, आणि बांबू आधी पाण्यात मुरवला नाही तर भुंगा लागतो.

शेजारच्या चाचांनी पांगारा सुचवला. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी पांगाऱ्याचीच असत. गंमत म्हणजे हवाई बेटांवरचे सरदार लाटांवर ज्या लांब फळ्या वापरत, त्या विलीविली नावाच्या झाडाच्या असत, आणि ते झाड पांगाऱ्याच्याच कुळातले. पण तिथे अख्खी फळी लाकडाची होती. आमच्या पातळ पट्टीला पांगारा फारच मऊ पडला, चौथ्या बाटलीला तडकला.

शेवटी शिवणीचे लाकूड निघाले. हलके, सरळ रेषांचे, ऊन-पाण्याने फारसे न वेडेवाकडे होणारे आणि रंध्याखाली लोण्यासारखे. बाटल्या टांगल्या की वाकत होते, काढल्या की जागेवर येत होते. अब्बा म्हणाले, "हेच. याला ताठपणा आहे, पण अकड नाही."

गोंदानेही धडा दिला. रबरी सोल्युशनने थर्मोकोल विरघळला. फायबरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याने दिलेल्या पॉलिएस्टर रेझिननेही तेच केले. नशीब, आम्ही तुकड्यावर आधी करून पाहिले होते. मग इपॉक्सी वापरले. हातमोजे घालून, अंगणात, मोकळ्या हवेत. फळी मधोमध चिरली, दोन्ही भागांच्या मध्ये शिवणीची पट्टी ठेवली आणि लांबीभर सारखा लेप दिला. अब्बांचा यावर फार कटाक्ष. "मध्ये एक बोटभर जागा कोरडी राहिली तर तिथूनच सुटेल." वरून काचेच्या कापडाचा आणि इपॉक्सीचा थर.

दरम्यान एका सहकारी शिक्षकाने मुलाला पोहायला शिकवले. अट एकच होती, पोहता आल्याशिवाय फळी पाण्यात जाणार नाही. त्याने ती पाळली.

तो दिवस आला तेव्हा अम्मी काठावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. मुलगा लाइफ जॅकेट घालून कमरेइतक्या पाण्यात फळीवर चढला. फळी किंचित लवली, आणि सरळ झाली. नंतर तो आमच्याकडे वळून म्हणाला, "आता तुम्ही या." आम्ही अम्मींकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चपला काढण्याची खूण केली.

आम्ही फळीला दोन्ही हातांनी धरून पाण्यात पाय मारले. चाळिशीनंतर, पहिल्यांदा. पावसाळा सरला की, इन्शाअल्लाह, सगळे काशीदला जाणार आहोत. तोवर पाय मारायचा आमचा सराव सुरू आहे. शिकवणारा नववीत आहे आणि फार कडक आहे.