बॅगा सांभाळणारे आजोबा

सुट्टीचे बेत घरात ठरू लागले की एका कोपऱ्यातून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तुम्ही सगळे जाऊन या, मी घर सांभाळतो.’ असे म्हणणाऱ्याला खरोखरच घरी थांबायचे असते असे नाही. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, मध्येच प्रकृती बिघडेल, वारंवार स्वच्छतागृह शोधावे लागेल, या संकोचातून ते वाक्य आलेले असते. तुम्ही स्वतः ते कधी उच्चारले असेल, किंवा वडिलांच्या, सासूबाईंच्या तोंडून ऐकले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब एका मनोरंजन उद्यानात गेलो होतो. सासरे तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आत शिरताच सर्वांच्या बॅगा, चपला आणि मोबाइल त्यांच्या स्वाधीन झाले आणि सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत ते एकाच बाकावर बसून राहिले. सामान सोडून जाता येईना म्हणून ते स्वच्छतागृहात गेले नाहीत, आणि जावे लागू नये म्हणून पाणीही प्यायले नाहीत. आम्ही परतलो तेव्हा ते उठू पाहत होते. पण पाय साथ देत नव्हते. शरीरातील पाणी कमी होऊन रक्तदाब उतरला होता. सावली, साखर-मिठाचे पाणी आणि दोन तासांची विश्रांती यांवर निभावले. घरी येताना ते एवढेच म्हणाले, ‘मुलांना मजा आली.’ त्या वाक्यात ते स्वतः कुठेच नव्हते, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. पुढच्या वर्षी सहलीचा विषय निघताच घर सांभाळण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली.

त्यांना पुन्हा घराबाहेर काढले ते रायगड जिल्ह्याने. खालापूरच्या थीम पार्कमध्ये एक दिवस आणि अलिबागच्या किनाऱ्यावर दोन दिवस, असा बेत आम्ही आखला; मात्र या वेळी तो त्यांच्यासमवेत बसून आखला.

चार वर्षांचे आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे

बेत आखताना एक साधी गोष्ट लक्षात आली. चार वर्षांचे नातवंड आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा यांचे घड्याळ जवळपास सारखे चालते. दोघांनाही पहाटे जाग येते. दोघांनाही भूक वेळेवर लागते आणि ती मारली तर त्रास होतो. दुपारी एकच्या सुमारास दोघेही थकतात, ऊन दोघांनाही बाधते आणि स्वच्छतागृह दोघांनाही तातडीने लागते. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून दिवसभर पळत सुटते ती मधली पिढी. म्हणून सहलीचा वेग घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थोर व्यक्तीने ठरवावा. मधल्यांना जी थरारक मौज हवी असेल ती त्यांनी या दोघांच्या विश्रांतीच्या वेळेत, आळीपाळीने करून घ्यावी.

निघण्यापूर्वी

काळ निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार टाळता आले तर रांगा आखूड मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील दमट उष्मा वृद्धांना आणि बालकांना फार लवकर थकवतो, तर पावसाळ्यात फरशी आणि जेटीच्या पायऱ्या निसरड्या होतात.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची औषधे दोन दिवसांची अधिक घ्या आणि ती दोन निरनिराळ्या बॅगांमध्ये ठेवा. इन्सुलिन बंद मोटारीत कधीही ठेवू नये. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते निकामी होते. लघवी होण्याच्या गोळ्या प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारून घ्या; स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका. आजारांची नावे, औषधे आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी आजोबांच्या खिशात असावी, आणि दूरध्वनी क्रमांकाची तशीच चिठ्ठी नातवंडाच्याही खिशात असावी.

आणखी एक काम घरीच उरकावे. अनेक पाळण्यांना उंचीची अट असते. निघण्याआधी भिंतीशी उभे करून मुलांची उंची मोजा आणि कशात बसता येईल, कशात नाही, हे त्यांना तिथेच सांगून टाका. तासभर रांगेत उभे राहून नकार ऐकणाऱ्या मुलाचे रडणे आजीच्या जिवाला अधिक लागते.

उद्यानातील दिवस

खोपोली-पाली रस्त्यावरील इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झाले. मुंबईहून ते सुमारे ७५ आणि पुण्याहून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. पाण्याचे उद्यान त्याच आवारात, पण वेगळे आहे. दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळा. लहान मुले बरोबर असताना एका दिवसाला एकच पुरे.

आजोबांनी सर्वच पाळण्यांपासून दूर राहावे असे नाही. ‘आय फॉर इंडिया’मध्ये आसनावर बसून भल्यामोठ्या पडद्यासमोर भारतावरून विहरत असल्याचा अनुभव घेता येतो, ज्यांना चक्कर येण्याचा विकार नाही त्यांना तो मानवू शकतो. ‘टबी टेक्स ऑफ’चे उडते हत्ती आणि घोड्यांचे चक्र ही बालगोपाळांची आवडती ठिकाणे. ‘नायट्रो’ आणि ‘स्क्रीम मशीन’ मात्र तरुणांसाठीच. ज्यांना हृदयविकार आहे, पेसमेकर बसवला आहे, मानेचे किंवा पाठीचे मणके दुखतात, हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा अलीकडे डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी हिसके बसणाऱ्या कोणत्याही पाळण्यात बसू नये. बाहेरच्या उन्हातून एकदम बर्फाच्या दालनात शिरणेही दमेकऱ्यांनी आणि हृदयरुग्णांनी टाळावे.

दिवसाची आखणी अशी करा. द्वार उघडताच आत जा आणि मुलांचे मोकळ्यावरील पाळणे आधी आटोपा. साडेबारापूर्वी जेवून घ्या. एक ते चार या वेळेत बंदिस्त, थंड दालनांतले खेळ पाहा. मुक्काम जवळ असेल तर खोलीवर जाऊन सरळ आडवे व्हा. चारनंतर पुन्हा एक फेरी मारता येते. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला थोडे थोडे प्यावे, कारण उतारवयात तहानेची जाणीवच बोथट होते. ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी ते पाळावे. आणि सामान लॉकरमध्ये ठेवा. लॉकरचे भाडे ही या सहलीतील सर्वांत सत्कारणी लागलेली रक्कम होती, असे मी आजही म्हणते.

पालीमार्गे किनाऱ्याकडे

दुसऱ्या दिवशी घाई न करता त्याच रस्त्याने पुढे पालीला जा. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे हे स्थान आहे. बल्लाळ हा बालभक्त, आणि त्याच्याच नावाने देव ओळखला जातो. ही कथा नातवंडांना सांगण्याचा मान आजीचा. आमच्या चार वर्षांच्या मुलीने ती ऐकून विचारले, ‘म्हणजे देवाने छोट्या मुलाचे नाव घेतले?’ आजोबा त्या प्रश्नावर वाकणपर्यंत बोलत राहिले. वाकणहून नागोठणे, वडखळ, पोयनाड असे करत कार्लेखिंडीतून तुम्ही अलिबागेत उतरता. वाटेत एकदा तरी थांबा, पाय मोकळे करा. फार वेळ एकाच जागी बसल्याने पायांवर सूज चढते.

मुक्काम नागाव, आक्षी किंवा किहीमच्या एखाद्या वाडीत करा. खोली आरक्षित करण्यापूर्वी दूरध्वनीवर चार प्रश्न विचारा : खोली तळमजल्यावर आहे का? स्वच्छतागृह पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का? न्हाणीघराची फरशी खरबरीत आहे का? रात्री वीज गेली तर सोय काय? नारळी-पोफळीच्या सावलीत दुपार सहज सरते. पोफळ सरळ कशी वाढते, रहाट कसा चाले, हे सांगायला घरात आजोबांखेरीज दुसरे कोण आहे?

पायऱ्या चढवत नसतील तर चौलच्या दत्ताचा डोंगर आणि कनकेश्वर लांबूनच वंदावेत. मुरुडचा जंजिराही मनाला घालू नये असे नाही, परंतु राजपुरीहून जाणाऱ्या होडीतून किल्ल्याच्या दारात उतरताना हलत्या होडीवरून पाऊल टाकावे लागते. गुडघे अधू असलेल्यांनी तो धोका पत्करू नये. त्याऐवजी सासवण्याला जा. तेथे शिल्पकार नानासाहेब करमरकर यांच्या राहत्या घरी त्यांचे शिल्पालय आहे. तिथली म्हैस इतकी हुबेहूब आहे की लहान मुले आधी बिचकतात आणि मग हळूच तिला हात लावू पाहतात. किहीमला गेलात तर सांगा की पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास याच गावात सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. अलिबागची चुंबकीय वेधशाळाही गोष्टीपुरती उपयोगी पडते : मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याचे ते काम १९०४ मध्ये अलिबागेत आणले गेले आणि त्यासाठीची इमारत लोखंड न वापरता बांधली गेली.

भरती-ओहोटीचे गणित

अलिबागसमोर पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला शिवकाळातला. ओहोटीला तिथे चालत किंवा घोडागाडीने जाता येते आणि भरतीला वाट बंद होते. म्हणून वेळ अचूक कळणे महत्त्वाचे. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट म्हणजे पावणेचार. त्या सुमारास पहाटे आणि दुपारी भरती. तिच्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे पावणेदहाला, ओहोटी. हा हिशोब ढोबळ आहे, तेव्हा छापील वेळापत्रक पाहा आणि किनाऱ्यावरील घोडागाडीवाल्यांनाही विचारा.

सासऱ्यांना हे गणित ठाऊक होते, याचा आम्हांला पत्ताच नव्हता. त्या दिवशी पंचमी होती. ‘नऊला निघा, अकराच्या आत परत या,’ असे त्यांनी सांगितले. घोडागाडीची पायरी उंच असल्याने ते स्वतः आले नाहीत; सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. आमचा सात वर्षांचा मुलगा किल्ल्यातही दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होता. पावणेअकराला आम्ही परतलो, तेव्हा तो धावत जाऊन म्हणाला, ‘आजोबा, तुमच्या वेळेआधी आलो!’ आजोबा या वेळीही किनाऱ्यावर बसूनच होते, पण मोहिमेचे सूत्र त्यांच्या हाती होते. संध्याकाळी मुलाने त्यांच्याकडून पुढच्या पंधरा दिवसांच्या भरतीच्या वेळा काढून घेतल्या आणि पाणी हळूहळू ओसरताना दोघे मिळून पाहत राहिले.

देखभाल करणाऱ्यांसाठी

अनेक मधुमेहींच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते; तापलेल्या वाळूने किंवा शिंपल्याने झालेली जखम त्यांना कळतही नाही. त्यांना वाळूत अनवाणी चालू देऊ नका आणि रात्री त्यांचे तळपाय नीट तपासा. काठी कोरड्या वाळूत रुतते, म्हणून पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरून, हाताला धरून चालवा. विस्मरणाचा आजार असलेल्यांना नवी जागा सायंकाळी घाबरवते. घरची उशी आणि पांघरूण बरोबर न्या, रात्री मंद दिवा चालू ठेवा आणि दाराजवळ कोणीतरी झोपा.

पाण्यात खेळणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम एकट्या आजी-आजोबांवर कधीही सोपवू नका. लाट ओढून नेऊ लागली तर त्यांना धावता येत नाही. पोहता येणारा एक प्रौढ मुलांपासून हाताच्या अंतरावर हवाच. अडचणीच्या प्रसंगी रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे, आणि अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने जिल्हा रुग्णालय तिथेच आहे.

परतताना मुंबईकरांनी मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट घ्यावी. मोटार आतच चढते आणि सुमारे तासाभरात पलीकडे पोहोचता येते. पुणेकरांना पेण-खोपोली मार्ग सोयीचा. उन्हाळ्याच्या तोंडी गेलात तर पांढऱ्या कांद्याची एक वेणी घ्यायला विसरू नका.

त्या सहलीहून परतल्यावर शेजाऱ्यांनी सासऱ्यांना विचारले, ‘कशी झाली सहल?’ ते म्हणाले, ‘आम्हांला मजा आली.’ पुढल्या वेळी तुमच्या घरी बेत ठरू लागेल तेव्हा कोपऱ्यातल्या त्या आवाजाकडे जरा कान द्या. आणि तो आवाज तुमचाच असेल, तर ‘मी घर सांभाळतो’ म्हणण्याआधी त्या दिवसाची तिथी विचारून पाहा.